झुरिकहून ल्युसर्न सरोवर, हातात एकच दिवस: रिगी गाळा, बोट धरा

उंबरठा:
झुरिकला मुक्काम आणि त्यातला एक दिवस ल्युसर्नसाठी, असा बेत आखणाऱ्या प्रत्येकाला एकच ठरलेला सल्ला मिळतो. सकाळी गाडीनं ल्युसर्न, तिथून बोटीनं फिट्झनाउ, मग दातेरी रुळांच्या गाडीनं रिगी डोंगराच्या माथ्यावर, पलीकडच्या अंगानं आर्ट-गोल्डाउला खाली, आणि झुरिकला परत. नकाशावर ही फेरी इतकी गोल आणि सुबक दिसते की कोणी फाटे फोडत नाही. म्हणून मी फोडते.

माझं म्हणणं: एकच दिवस असेल तर रिगी गाळा. ल्युसर्नच्या धक्क्यावर बोटीत बसा आणि थेट शेवटच्या टोकाला, फ्ल्युएलेनला उतरा. साधारण पावणेतीन तास लागतात. फ्ल्युएलेनचं स्टेशन धक्क्याच्या समोरच आहे, तिथून गाडीनं झुरिक सव्वा तासाच्या आसपास.

कारण असं. फिट्झनाउ तासाभरात येतं आणि तिथवर जे दिसतं ते सरोवराचं गोडगोजिरं अंग: बंगले, बागा, हॉटेलं. खरी गंमत पुढे आहे. दोन्ही बाजूंचे डोंगर पुढे सरकून पाणी अगदी चिंचोळं होतं, मग गेर्साउचं रुंद पात्र उघडतं, आणि ब्रुनेनला सरोवर काटकोनात वळून दक्षिणेकडे उरी प्रांतात शिरतं. तिथे किनारा असा उरतच नाही, कडे सरळ पाण्यात उतरतात. १८६५ मध्ये कड्याच्या कुशीतून आक्सेनचा रस्ता निघेपर्यंत ब्रुनेनहून फ्ल्युएलेनला जायचं तर नाव हीच वाट होती. आल्प्स ओलांडणाऱ्या गोटहार्ड घाटाची रेल्वे तर १८८२ ची. गोटहार्ड घाट ओलांडणारे व्यापारी, यात्रेकरू, सैनिक सगळे या पाण्यावरून गेले. फिट्झनाउला उतरणारा माणूस नेमका हा भाग न बघता 'लेक ल्युसर्न झालं' म्हणून घरी येतो.

बोला आता.

सह्यकडा:
बोलतो. स्वित्झर्लंडपर्यंत जाऊन डोंगरावर जायचं नाही, हा सल्ला ऐकून माझी बोट बुडाली.

रिगीची रेल्वे १८७१ ची. युरोपातली पहिली दातेरी रुळांची पर्वतरेल्वे, निकलाउस रिगेनबाखनं बांधलेली. सरोवर ४३४ मीटरवर, माथा १७९८ मीटरवर, आणि अर्ध्या तासात गाडी तुम्हाला वर नेऊन सोडते. फिट्झनाउचा धक्का आणि रिगीचं स्टेशन शेजारी शेजारी आहेत, त्यामुळे बदलाबदलीची कटकटही नाही. वर एका अंगाला ल्युसर्नचं पाणी, दुसऱ्या अंगाला झुगचं, आणि दक्षिणेला बर्फाच्या शिखरांची रांग. हे सरोवर वेडंवाकडं आहे, चार दिशांना फाटे फुटलेलं. पाण्यात बसून पाण्याचा आकार कसा कळणार?

शिवाय तीन तास बोटीत म्हणजे तीन तास बसून राहणं. रिगीवर निदान पाय मोकळे होतात. माथ्यावरून मधल्या काल्टबाड स्टेशनपर्यंत उताराची रुंद वाट आहे, कोणीही चालू शकतं. तिथून वेगिसला रोपवे उतरतो आणि वेगिसहून परत बोट. म्हणजे बोटही झाली.

उंबरठा:
आकार कळेल, मान्य. पण वरून बघितलं की कडा हा कडा राहत नाही. उरीच्या फाट्यात मान वर करून बघावं लागतं, तो अनुभव १८०० मीटरवरून खाली बघून येत नाही. आणि तुमच्या वेगिसच्या बेतात बोट दोनदा होते ती त्याच टापूतली, ब्रुनेनच्या पुढचं पाणी शून्य.

चिल्लर:
तुम्ही दोघं निसर्गावर भांडताय, हिशेब कोणीच मांडत नाहीये.

स्विस ट्रॅव्हल पास असेल तर रेल्वे, बोट आणि रिगी तिन्ही त्यात येतात. (शेजारच्या पिलाटुस डोंगराला मात्र निम्मं भाडं पडतं, हे लोकांना तिकीटखिडकीवर गेल्यावर कळतं.) मग प्रश्न फक्त वेळेचा. पण हा पास किमान तीन दिवसांचा असतो. ज्याला झुरिकमध्ये कामासाठी जायचंय आणि एकच दिवस मोकळा आहे, त्यानं तो घेऊ नये. त्यानं आधीच तारीख ठरवून बचतीचा डे पास घ्यावा. तो जितका लवकर घ्याल तितका स्वस्त मिळतो, आणि त्यात रेल्वे व सरोवरावरच्या बोटी येतात.

माझं मत: पास असेल तर रिगी सोडणं म्हणजे पैसे पाण्यात. अक्षरशः.

उंबरठा:
'पासात आहे म्हणून' हे कारण मला कधीच पटलं नाही. अमर्यादित थाळीत पैसे वसूल करायला जेवणारा माणूस शेवटी पोट धरून उठतो. आणि फ्ल्युएलेनपर्यंतची बोटही पासातच आहे, तीही चांगली लांबलचक. वसुली तिथेही होते.

धुकट:
दोघांचाही बेत घरबसल्या ठरलाय, हीच अडचण. हा निर्णय त्या दिवशी सकाळी सातला घ्यायचा असतो.

शरद ऋतूत, विशेषतः ऑक्टोबरअखेरपासून, आल्प्सच्या उत्तरेकडच्या सखल भागात थंड हवा तळाशी साचते आणि वर ढगांचं झाकण बसतं. ल्युसर्नमध्ये दिवसभर राखाडी, समोरचा काठ दिसत नाही. त्याच वेळी रिगीचा माथा त्या झाकणाच्या वर, लख्ख उन्हात. अशा दिवशी बोटीत पावणेतीन तास बसणं म्हणजे शिक्षा, आणि रिगीवर जाणं म्हणजे ढगांचा समुद्र बघणं.

उन्हाळ्यात उलटं होतं. खाली स्वच्छ, आणि माथ्यावर दुपारपर्यंत ढग अडकलेले. दुपारनंतर विजांचं वादळही येतं. तेव्हा बोट बरी. रिगीवर कॅमेरे बसवलेत, वरची या क्षणीची हवा फोनवर दिसते. दुधाची पिशवी फोडायच्या आधी ते बघा.

आणखी एक. दक्षिणेकडून खाली कोसळणारा फ्यॉन वारा सुटला की हवा काचेसारखी होते, पण उरीच्या फाट्यात लाटा उठतात. त्या दिवशी प्रत्येक धक्क्याला बोट लागेलच असं नाही.

सह्यकडा:
ऑक्टोबरअखेर म्हणजे नेमकी दिवाळीची सुट्टी. आपली निम्मी जनता तेव्हाच जाते. म्हणजे रिगी. माझा मुद्दा सिद्ध झाला, धन्यवाद.

धुकट:
काहीही सिद्ध झालेलं नाही. दिवाळीत कधी कधी आठवडाभर स्वच्छ ऊनही असतं. पण हिवाळी वेळापत्रक लागू झालं की फ्ल्युएलेनपर्यंत जाणाऱ्या फेऱ्या मोजक्याच उरतात, हे मात्र उंबरठा यांनी धाग्यातच लिहायला हवं होतं.

गुडघेदुखी:
सासू-सासरे आणि दोन मुलं असा लवाजमा घेऊन जाणाऱ्यांच्या वतीनं लिहिते. ज्येष्ठांसाठी बोट लाखपटीनं सोपी. फळीवरून चालत आत, बसायला टेबल, स्वच्छतागृह आत, खानावळ आत. कोणाला धावत पुढची गाडी पकडायची नाही. रिगीच्या फेरीत ल्युसर्न, फिट्झनाउ, कुल्म (रिगीचा माथा), आर्ट-गोल्डाउ असे चार टप्पे, आणि प्रत्येक टप्प्यावर 'पिशवी कुठाय, मफलर कुठाय'.

मुलांचं मात्र उलट. पहिला तास मजा, मग 'अजून किती वेळ'. त्यावर एकच उतारा: वाफेची बोट पकडा. या सरोवरावर चाकं मारत चालणाऱ्या पाच जुन्या आगबोटी अजून आहेत, सर्वांत जुनी 'उरी', १९०१ ची. मधोमध मोकळी जागा असते, तिच्यातून खाली इंजिन दिसतं, चकाकणारे दट्टे वरखाली होताना. आमची पोरं तिथून हलली नाहीत, कडे गेले कडेला. कुठल्या फेरीला आगबोट आहे ते वेळापत्रकात खूण करून दिलेलं असतं, पण ती उन्हाळ्यातच जास्त.

उलटसुलट:
माझा तिसराच पक्ष. मुळात ल्युसर्नला का जायचं?

झुरिकचं स्वतःचं सरोवर आहे की. स्टेशनवरून बानहोफस्ट्रासनं सरळ चालत ब्यूर्क्लीप्लाट्झचा धक्का, तिथून बोटीनं दोनेक तासांत रापर्सविल. छोटासा किल्ला, गुलाबांच्या बागा, आणि सरोवरावरून पलीकडे जाणारा ८४१ मीटरचा लाकडी पादचारी पूल, २००१ मध्ये बांधलेला. परत यायला लोकल, पाऊण तासाच्या आत झुरिक. हवा बिघडली तर बेत रद्द, नुकसान काही नाही. गर्दीत रिगीच्या गाडीसाठी ताटकळण्यापेक्षा हे शंभरदा बरं.

सह्यकडा:
झुरिक सरोवर म्हणजे दोन्ही काठांना श्रीमंतांच्या घरांची रांग. दोन तास दुसऱ्यांच्या खिडक्या बघायच्या.

उलटसुलट:
खिडक्यांच्या मागे द्राक्षांचे मळेही आहेत, पण ते बघायला डोंगराचं वेड थोडं उतरावं लागतं.

उंबरठा:
या एका मुद्द्यावर मी सह्यकडा यांच्या बाजूला. रापर्सविल छान आहे, तो अर्ध्या दिवसाचा बेत. पहिल्यांदाच जाणाऱ्याला पूर्ण दिवस असताना मी ते सुचवणार नाही.

जुनेकागद:
उरीच्या फाट्यात आणखी एक गोष्ट आहे, ती कोणी काढली नाही. ब्रुनेनच्या समोर पाण्यातून उभा राहिलेला, टेलवर नाटक लिहिणाऱ्या जर्मन कवी शिलरच्या नावाचा सुळका दिसतो, सोनेरी अक्षरं कोरलेला, १८५९ चा. तो गेला की झाडीतल्या उतारावर रुटलीचं कुरण. तीन प्रांतांच्या लोकांनी १२९१ मध्ये तिथे एकीची शपथ घेतली, ही तिथली परंपरा. पुढे डाव्या हाताला पाण्यालगत विल्हेल्म टेलचं, म्हणजे कथेतल्या स्विस तिरंदाज वीराचं, देऊळवजा छोटं चॅपेल.

टेलची कथा दंतकथाच आहे, ते सोडा. पण २५ जुलै १९४० नक्की घडलं. फ्रान्स पडला होता, स्वित्झर्लंड चहूबाजूंनी जर्मनी आणि इटलीच्या कचाट्यात होतं. सेनापती गिझाँनं आपल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना ल्युसर्नहून बोटीनं रुटलीला नेलं आणि आल्प्सच्या आत मोर्चे बांधून लढायचं धोरण त्यांच्यापुढे मांडलं. ती बोट 'श्टाट लुत्सेर्न', १९२८ ची, अजून प्रवासी नेते. नशिबानं तीच फेरी मिळाली तर त्याच बोटीतून तेच पाणी कापता येतं. रिगीवर यातलं काय आहे?

सह्यकडा:
रिगीवर हवा आहे. रुटली बोटीतून कसं दिसतं तेही सांगा ना: हिरवा उतार आणि एक झेंडा. ज्याला १९४० माहीत नाही त्याला ते नुसतं कुरण.

जुनेकागद:
म्हणूनच तर लिहिलं. आता तुम्हाला माहीत आहे.

गाडीवेळ:
बोटवाल्यांच्या बाजूचा आहे, पण उंबरठा यांची दिशा मला चुकीची वाटते. आधी रेल्वेनं फ्ल्युएलेन गाठा आणि बोटीनं ल्युसर्नला परत या.

कारण साधं. गाड्या वरचेवर आहेत, लांब पल्ल्याच्या बोटी थोड्या. ल्युसर्नला सकाळची बोट हुकली तर पुढच्या बोटीनं अर्धा दिवस गेला. फ्ल्युएलेनला हुकली तर स्टेशन समोरच आहे, गाडीनं ब्रुनेनला जा आणि तिथून बोट धरा. शिवाय संध्याकाळ ल्युसर्नमध्ये मिळते. कपेलब्रुके हा छपराचा लाकडी पूल (१९९३ मध्ये जळाला आणि पुन्हा उभारला) स्टेशनपासून चार पावलांवर आहे. तो बघा, आणि मग झुरिकची गाडी अर्ध्या-अर्ध्या तासानं आहेच. तुमच्या दिशेनं गेलं तर दिवसाचा शेवट फ्ल्युएलेनच्या फलाटावर, तिथे करायला काही नाही.

गाडीचा रस्ताही फुकट जात नाही. झुरिकहून जाताना झुगचं सरोवर लागतं, मग गोल्डाउ, जिथे १८०६ मध्ये डोंगर कोसळून गाव गाडलं गेलं, मग लावेर्झचं तळं, आणि ब्रुनेननंतर बोगद्यांच्या मधून मधून पाण्याचे तुकडे.

उंबरठा:
हुकलेल्या बोटीचा मुद्दा वजनदार आहे. तरीही दिशा बदलणार नाही. ल्युसर्नहून निघालं की देखावा चढत जातो, आधी बागा, मग डोंगर, मग कडे. फ्ल्युएलेनहून निघालं की पहिल्या पाऊण तासात उत्तम ते संपतं आणि मग दोन तास उतरती कळा. वेगिस येईपर्यंत लोक मोबाइलमध्ये डोकं घालतात. बोट हुकू नये यासाठी झुरिकहून एक गाडी लवकर निघा, झालं. ल्युसर्नचा धक्का स्टेशनबाहेर रस्ता ओलांडला की आहे.

गाडीवेळ:
सासू-सासरे, दोन मुलं आणि 'एक गाडी लवकर' ही तिन्ही एका वाक्यात बसत नाहीत. गुडघेदुखी यांना विचारा.

गुडघेदुखी:
बसत नाहीत. मी गाडीवेळ यांच्या दिशेनं जाईन.

चिल्लर:
कुठल्याही दिशेनं जा, बोटीवर एक लक्षात ठेवा: वरचा मजला बहुधा पहिल्या वर्गाचा असतो. दुसऱ्या वर्गाचं तिकीट घेऊन वर चढलात तर नम्रपणे खाली पाठवतात. खालच्या मजल्यावर उघड्यावर बसायचं असेल तर पुढचं किंवा मागचं टोक पकडा. आणि उन्हाळ्यातसुद्धा वारा बोचतो, जॅकेट हॉटेलवर ठेवू नका.

सह्यकडा:
बघा, तीन तास गारठत बसायचं आणि वर म्हणे डोंगरावर थंडी असते.