मदत हवी आहे: व्हेन्लाफॅक्सिन चालू असताना एमएसएलटी (दिवसा झोप किती लवकर लागते ते मोजणारी चाचणी) कशी करावी?

रुग्णाला हसू आलं की गुडघे लुळे पडतात, जबडा सैल होतो, पण शुद्ध पूर्ण असते. म्हणजे कॅटाप्लेक्सी (भावनेच्या भरात स्नायू अचानक सैल पडणं) जवळपास नक्की. अडचण अशी की नार्कोलेप्सीचं (दिवसा अनावर झोप येण्याच्या आजाराचं) निदान पक्कं होण्याआधीच व्हेन्लाफॅक्सिन (नैराश्यावरचं औषध, कॅटाप्लेक्सीही आवरतं) सुरू झालंय. हे औषध आरईएम (स्वप्नांची) झोप दाबतं. त्यामुळे चाचणीतल्या दिवसाच्या पाच डुलक्यांत झोप लागण्याचा सरासरी वेळ ८ मिनिटांच्या आत आला, तरी झोप लागताच येणारी आरईएम किमान दोनदा दिसायला हवी, ती दिसत नाही आणि अहवाल फसवा येतो.

औषध चाचणीच्या किमान २ आठवडे आधी बंद हवं (फ्लुओक्सेटिन हे तशाच प्रकारचं औषध शरीरात फार रेंगाळतं, त्याला आणखी जास्त). पण एकदम थांबवलं तर कॅटाप्लेक्सी उसळते, झटक्यामागून झटके, कधी तासन्‌तास. जिना, गाडी, पोहणं, सगळंच धोक्याचं.

ज्यांनी हे हाताळलंय त्यांनी सांगा: डोस किती टप्प्यांत उतरवता, ३७.५ मिलिग्रॅमवर किती दिवस थांबता? त्या काळात झटके असह्य झाले तर चाचणी पुढे ढकलता का?

की सरळ पाठीच्या पाण्यातलं हायपोक्रेटिन (जागं ठेवणारं मेंदूतलं रसायन) तपासावं? ११० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा कमी आलं तर नार्कोलेप्सीचा टाइप १ ठरतो, आणि त्यासाठी औषध थांबवावं लागत नाही. मला हाच मार्ग सुरक्षित वाटतो. आधी एचएलए डीक्यूबी१*०६:०२ (नार्कोलेप्सीशी जोडलेला जनुकप्रकार) पाहावं का? ते निरोगी लोकांतही सापडतं, पण नसेल तर सुई टोचण्याआधी पुन्हा विचार करता येतो.