ई-पेपर पडद्याचा (ई-इंक डिस्प्लेचा) एकच भाग पूर्ण रिफ्रेश करता येतो का? मदत हवी आहे

४.२ इंची काळा-पांढरा ई-पेपर, ४००×३००, कंट्रोलर (पडदा चालवणारी चिप) एसएसडी१६८३, ईएसपी३२ मायक्रोकंट्रोलरवर. वरच्या पट्टीतलं घड्याळ दर मिनिटाला बदलतं, तापमान दर १० मिनिटांनी, खालचं वेळापत्रक दिवसातून एकदाच. घड्याळ पार्शल रिफ्रेशवर (सगळा पडदा न लुकलुकता फक्त तेवढा भाग बदलणं) आहे.

साधारण अर्ध्या तासात आकड्यांमागे जुन्या आकड्यांची राखाडी सावली साचते. ८ वरून ९ झाला की ८ ची डावी कड स्पष्ट दिसते. पूर्ण रिफ्रेशने ती जाते, पण सगळा पडदा काळा-पांढरा लुकलुकतो. तो उशाशी असतो, रात्री हे अजिबात चालत नाही.

करून पाहिलेलं: विंडोचा (बदलायच्या चौकटीचा) एक्स, म्हणजे आडवी सुरुवात, आणि रुंदी ८ च्या पटीत घेतली. प्रत्येक अपडेटनंतर नवं चित्र जुन्या रॅममध्येही (कंट्रोलरची आधीचं चित्र ठेवणारी मेमरी, कमांड २६ हेक्स) लिहिलं. शेजारचे ठिपके थांबले, सावली नाही. व्होल्टेज ३.३ वर स्थिर आहे. पॅनल बदलायचं नाही.

आता विचार असा: जुन्या रॅममध्ये फक्त घड्याळाच्या विंडोपुरतं उलटं चित्र भरायचं, बाकी जसंच्या तसं, आणि पार्शल वेव्हफॉर्मनेच (पार्शल रिफ्रेशमध्ये पिक्सेलला मिळणारा व्होल्टेजचा क्रम) आधी पूर्ण काळं, मग पांढरं, मग आकडे. असं तासाला एकदा केलं तर त्या भागातला डीसी बॅलन्स (धन-ऋण व्होल्टेजचा समतोल) बिघडून कायमचा डाग पडेल का? की विंडोसाठी वेगळी एलयूटी (वेव्हफॉर्मचा तक्ता) लिहिणंच भाग आहे?