वायफायचा पासवर्ड विसरलात तेव्हा काय केलंत? अनुभव सांगा

आज नवीन फोन सेट करत बसले होते, सगळं झालं आणि वायफायच्या पासवर्डपाशी गाडी अडली. एकदम दोन वर्षांपूर्वीचा दिवस आठवला. लेकीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू, तिचा लॅपटॉप ऐनवेळी बंद पडला म्हणून मैत्रिणीचा आणला, आणि पासवर्ड कोणालाच आठवेना. मी घाबरून राउटरच्या मागच्या बारीक भोकात पिन घालून दाबून धरली. दिवे विझले, परत लागले, खालच्या स्टिकरवरच्या पासवर्डने वायफाय जोडलंही गेलं, पण नेट काही येईना. रिसेट केलं की नेटवाल्यांनी आत भरलेलं युजरनेम-पासवर्डपण पुसलं जातं हे मला माहीतच नव्हतं हो. शेवटी फोनच्या हॉटस्पॉटवर दिला तिने इंटरव्ह्यू. अजून मनाला लागून आहे ते. तुमचं झालंय का असं?

---

अगं ताई आधी सांग, इंटरव्ह्यूचं काय झालं??

---

सिलेक्ट झाली गं 🙂 पण तो अर्धा तास नको आठवायला

---

नेटवाल्यांनी राउटरमध्ये भरलेलं ते युजरनेम-पासवर्ड, पीपीपीओई लॉगिन म्हणतात त्याला, सगळीकडे नसतं पण जिथे असतं तिथे रिसेटनंतर कस्टमर केअरला फोन करूनच मिळतं. म्हणून रिसेट एकदम शेवटी. लॅनची वायर लावून ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाकून बघा, राउटरचं सेटिंगचं पान उघडतं, तिथे वायफायचा पासवर्ड बघता किंवा बदलता येतो, वायरला वायफायचा पासवर्ड लागत नाही. फक्त तिथला अ‍ॅडमिनचा पासवर्ड वेगळा असतो, लोक तिथे वायफायचाच टाकत बसतात. आणि रिसेट केलंच तर नाव आणि पासवर्ड हुबेहूब जुनाच ठेवा, म्हणजे टीव्ही, प्रिंटर बहुतेक आपोआप जोडले जातात, प्रत्येकात परत भरायची कटकट नाही

---

घरात एक तरी फोन जोडलेला असेल ना? अँड्रॉइड १० पासून पुढे वायफायच्या सेटिंगमध्ये शेअर दाबा, क्यूआर कोड येतो, बऱ्याच फोनमध्ये खाली पासवर्डपण लिहिलेला असतो. आयफोनला आयओएस १६ पासून सरळ दिसतो. बाकी नंतर लिहिते, दारावर कोणीतरी आलंय

---

माझे बाबा गेले त्यानंतर महिन्याभराने भाऊ घरी आला आणि पासवर्ड विचारला. आम्ही कोणी कधी विचारलाच नव्हता, बाबाच सगळ्यांच्या फोनमध्ये टाकून द्यायचे. त्यांचा लॅपटॉप चालू केला तर तो आपोआप जोडला गेला. मग विंडोजमध्ये वायरलेस प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, शो कॅरेक्टर्सवर टिक केली आणि समोर त्यांच्या पहिल्या स्कूटरचा नंबर. आई नुसती बघत राहिली स्क्रीनकडे. आम्ही तो अजून बदललेला नाही

---

😢 काय लिहू कळत नाही

---

आमच्याकडे पण जुनी स्कूटर आहे वडिलांची, विकवत नाही. दर रविवारी पुसून ठेवतो, चालू होत नाही तरी

---

किक मारून बघितलीत का, पेट्रोल जुनं झालं की कार्ब्युरेटर चोंदतो, साफ करून घ्या, माझी सहा वर्षांनी सुरू झाली

---

@स्कूटर नंबरवाली ताई, राग मानू नका, पण गाडीचा नंबर शेजारीपाजारी सगळ्यांना माहीत असतो. त्याच्या पुढेमागे बाबांच्या आवडीचे दोनतीन शब्द जोडा, डब्ल्यूपीए२ मध्ये (वायफायच्या सुरक्षेची पद्धत) पासवर्ड ६३ अक्षरांपर्यंत चालतो. आठवण पण राहील.

---

हे आवडलं. आईला विचारते आज.

---

मी तर पासवर्ड बरोबर असून तासभर चुकीचा टाकत होते, शून्य की ओ तेच कळत नव्हतं स्टिकरवर. फोनने फोटो काढून मोठा करून बघितला तेव्हा कळलं, शून्याच्या पोटात रेघ होती

---

मिळाला!! ह्यांच्या फोनमधून क्यूआर कोड काढला, नवीन फोन लगेच जोडला गेला. लेकीला पण पाठवून ठेवलाय