पिशवी काढल्यावर, पट्टी बसवल्यावर: घरी आल्यानंतरचे अनुभव

शहापूर, बेळगाव (धागा काढणारी)

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, पार कारवारपर्यंतच्या आपल्या बायकांनी इथं मोकळेपणानं लिहावं म्हणून हा धागा काढतेय. गर्भपिशवी काढण्याचं ऑपरेशन प्रत्येक गल्लीत कुणाचं ना कुणाचं झालेलं असतं. 'पिशवी काढली' म्हटलं की विषय मिटतो. त्याच ऑपरेशनात लघवी गळू नये म्हणून पट्टी बसवली असेल, तर ते सख्ख्या बहिणीलाही कळत नाही. माझी थोरली जाऊ माझ्या आधी या सगळ्यातून गेली होती. एका घरात राहून मला ते कळलं माझ्या ऑपरेशनची तारीख ठरल्यावर.

ऑपरेशनमध्ये काय करणार ते डॉक्टर सांगतात. पुढचे दीड-दोन महिने घरात कसे काढायचे, हे बायकांनीच बायकांना सांगायला हवं. घरच्या पुरुषांनीही लिहावं. डॉक्टरांची आणि हॉस्पिटलांची नावं घालू नका, गोळ्यांचे डोस विचारू नका.

आधी माझं सांगते. माझं अंग खाली येत होतं, म्हणजे गर्भपिशवी जागेवरून उतरत होती. शिंक आली की, रिक्षा खड्ड्यात आदळली की लघवी सुटायची. खालच्या वाटेनं पिशवी काढली, योनीची पुढची भिंत शिवली आणि मूत्रनळीखाली (लघवी बाहेर येते त्या वाटेखाली) पट्टी बसवली. ही पट्टी म्हणजे पॉलीप्रॉपिलीनच्या धाग्याची साधारण एक सेंटिमीटर रुंदीची जाळी असते. खोकल्याचा दाब आला की ती मूत्रनळीला खालून झोळीसारखा आधार देते. ही पद्धत १९९६ साली स्वीडनमधून जगापुढं आली. २००१ मध्ये जांघेतून पट्टी नेण्याचा दुसरा मार्ग निघाला. माझी या दुसऱ्या मार्गाची, त्यामुळे पोटापेक्षा जांघा जास्त दुखल्या. रिक्षात पाय टाकताना कळ यायची. दोन-तीन आठवड्यांत ती आपोआप ओसरली.

आता लघवीचं, कारण याबद्दलच सगळ्या गप्प बसतात. पट्टीनंतर धार बदलते. माझी पूर्वी एकदम व्हायची, ती संथ झाली, जरा एका बाजूला जायला लागली. ऑपरेशनच्या वेळी लघवीसाठी घातलेली नळी काढल्यावर नर्सबाईंनी मापाचं भांडं दिलं आणि सांगितलं, कुंथायचं अजिबात नाही. बसायचं, श्वास सोडायचा, अंग पुढं झुकवायचं. झाली असं वाटलं की उठून उभं राहायचं आणि थोड्या वेळानं पुन्हा बसायचं. दुसऱ्या बैठकीत खरंच आणखी होते. नंतर सोनोग्राफी करून आत किती उरली ते बघितलं आणि मगच घरी सोडलं.

घरी आल्यावर स्राव कमी होत आला होता, तो दुसऱ्या आठवड्यात पुन्हा लालसर झाला. पॅडवर जांभळ्या दोऱ्याचा बारीक तुकडा दिसला आणि माझ्या पोटात गोळा आला. फोन केला तर कळलं, विरघळणारे टाके असेच सुटतात. थोडा तपकिरी-लालसर स्राव चार-सहा आठवडे राहू शकतो. तासाभरात पॅड भिजत असेल, घाण वास येत असेल किंवा ताप १००.४ च्या वर गेला, तर मात्र वाट बघत बसू नये.

खानापूर तालुका, भातशेती

आमच्याकडे बायका पिशवी अंगाबाहेर येईपर्यंत कुणाला सांगत नाहीत. मी कापडाची घडी लावून लावणी केली, कापणी केली. सुगी आटपल्यावर मग ऑपरेशन.

डॉक्टरनी एक गोष्ट आधीच सांगितली होती, ती मला फार मोलाची वाटली. पिशवी खाली उतरलेली असते तेव्हा कधी कधी मूत्रनळी मुरगळते आणि लघवी गळत नाही. पिशवी काढून सगळं जागेवर बसवलं की मग गळायला लागते. म्हणून त्यांनी आधी अंग बोटानं आत सारून, मला खोकायला लावून तपासलं. तेव्हा गळली. त्यावरून पट्टी त्याच वेळी बसवायचं ठरलं. तपासणीची लाज वाटली खरी, पण दुसरं ऑपरेशन वाचलं.

सहा आठवडे चार-पाच किलोच्या वर उचलायचं नाही असं सांगून घरी पाठवलं. खेड्यात याचा अर्थ नीट समजून घ्या. भरलेली बादली दहा किलोच्या वर जाते. कळशी, घागर, वैरणीचा भारा, तांदळाचं पोतं, भाताचं मोठं पातेलं, आणि नातू. नातवाला उचलून न घेणं सगळ्यात अवघड. तो पदर धरून रडायचा. मी खाली बसून त्याला कुशीत घ्यायची, उचलून मात्र घेतलं नाही. सासूबाई म्हणायच्या, "आम्ही बाळंतपणानंतर आठ दिवसांत पाणी भरलंय गे." त्यांनाही तोच त्रास आहे. त्या आजही कापड लावतात.

वडगाव, शिक्षिका

मी नळीसकट घरी आले. नळी काढून बघितली, पण लघवी नीट होईना, आत बरीच उरायची. मग पुन्हा नळी घातली आणि लघवी साठवायची पिशवी लावून घरी पाठवलं. त्या संध्याकाळी मी फार रडले, ऑपरेशन बिघडलं असंच वाटलं. तसं काही नव्हतं. पट्टीभोवती सूज असते, ती उतरली की बहुतेकींची लघवी सुरू होते. माझीही झाली. नाहीच झाली तर पट्टी थोडी सैल करतात, आणि ते लवकर केलेलं बरं असतं. म्हणून तपासणीची दिलेली तारीख कुणीही टाळू नका.

नळी घरी असताना पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खालच्या पातळीला ठेवायची, म्हणजे झोपताना खाटेच्या कडेला अडकवायची, उशाशी नाही. जमिनीला टेकवायची नाही. अर्ध्याच्या वर भरली की रिकामी करायची, आधी आणि नंतर साबणानं हात धुवायचे. नळी मांडीला चिकटपट्टीनं धरून ठेवली की ओढ बसत नाही. मी सैल परकर आणि गाऊन वापरला. गल्लीतल्या बायका बघायला यायच्या तेव्हा पिशवीवर टॉवेल टाकायची. नंतर नंतर तेही सोडलं.

संमतीपत्र कानडी आणि इंग्रजीत होतं. भाच्यानं प्रत्येक ओळ वाचून मराठीत सांगितली. बीजकोश (अंडाशय) काढणार की ठेवणार, हे त्यातच लिहिलेलं असतं. सही करायच्या आधी ती ओळ तरी समजून घ्या.

निपाणी, आईच्या वतीनं लेक

आईचं आयुष्य विड्या वळण्यात गेलं. मांडीवर सूप घेऊन सकाळपासून बैठक, आणि मध्ये उठायला नको म्हणून दुपारपर्यंत लघवी दाबून धरायची. मिरजेला ऑपरेशन झालं. खोकल्यावर गळायची ती थांबली. पण घाई आहे तशीच राहिली. लागली की लगेच लागते, कुलूप उघडेपर्यंत दम नाही. "एवढा खर्च करून फरक काय पडला?" असं आई म्हणायला लागली आणि आम्हालाही उत्तर देता येईना.

फेरतपासणीत कळलं की हे दोन वेगळे आजार आहेत. दाब पडल्यावर गळणं पट्टीनं थांबतं. मूत्राशय वेळीअवेळी आकुंचन पावल्यामुळं होणारी घाई पट्टीनं जात नाही, उलट काहींना सुरुवातीला वाढल्यासारखी वाटते. आईला दोन्ही होते. आता गोळी आहे, चहा कमी केलाय आणि घड्याळ लावून लघवीला जाते. दोन वेळांमधलं अंतर हळूहळू वाढवायचं. पाणी कमी प्यायचं नाही, त्यानं लघवी घट्ट होऊन जळजळ वाढते. तुम्हाला यातलं कोणतं आहे हे ऑपरेशनच्या आधी स्पष्ट विचारून घ्या. आम्हाला ते कुणी समजावलं असतं तर आई इतकी खचली नसती.

हुक्केरी, नवरा

आमच्या हिचं दुर्बिणीतून झालं. दुसऱ्या दिवशी म्हणायला लागली, "खांदा दुखूलंय." ऑपरेशन पोटाचं आणि दुखणं खांद्यात, मी घाबरलो. पोट फुगवायला आत गॅस भरतात, त्यानं तसं होतं, चालल्यावर कमी होतं असं नर्सनं सांगितलं. तसंच झालं.

मी तीन गोष्टी केल्या. घरात भारतीय संडास, म्हणून भोकाची खुर्ची आणली. बद्धकोष्ठ होऊ दिला नाही: इसबगोल, पपई, पातळ आमटी, नाचणीचं आंबील. जोर करून शौचाला बसणं टाक्यांना वाईट. आणि घरातल्या घरात सकाळ-संध्याकाळ तिला चालवलं.

एका रात्री तिची एकच पोटरी सुजली, गरम लागली. सकाळपर्यंत थांबू म्हणाली. मी थांबलो नाही. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी निघाली. ती फुफ्फुसात गेली असती तर काय, याचा विचार आजही नको वाटतो. एका पायाला सूज, दम लागणं, छातीत दुखणं यातलं काहीही दिसलं तर गाडी काढा. वेळ बघू नका.

चिकोडी भाग

माझं वेगळं आहे. पट्टी नाही, फक्त पिशवी. तिशी नुकतीच ओलांडली होती. अंगावरून पांढरं जायचं आणि कंबर दुखायची. "ठेवलीत तर कॅन्सर होईल" असं सांगितलं आणि दोन्ही बीजकोशांसकट काढली. तपासणी म्हणून काहीच केलं नाही. पाळीची कटकट गेली म्हणून मीही तेव्हा समाधानी होते.

त्यानंतर अंगातून वाफा निघायला लागल्या. रात्री घामानं चादर भिजायची. झोप गेली, चिडचिड वाढली. पुढं हाडं ठिसूळ झाल्याचं निदान झालं. बीजकोश वयाआधी काढले की पाळी जाण्याचे सगळे परिणाम एकदम येतात, हे मला त्या वेळी कुणी सांगितलं नाही. गरज नसताना गर्भाशयं काढण्याचा प्रश्न पुढं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२३ मध्ये न्यायालयानं केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला राज्यांना सांगितलं. हे वाचलं तेव्हा माझ्यासारख्या किती असतील ते समजलं.

ज्यांचं अंग बाहेर आलंय, गाठीमुळं रक्त जाऊन हिमोग्लोबिन खाली आलंय, त्यांनी ऑपरेशनला भिऊ नये. पण नुसत्या पांढऱ्यासाठी कुणी पिशवी काढ म्हणालं, तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय तयार होऊ नका. माझ्या लेकीलाही मी हेच सांगून ठेवलंय.

टिळकवाडी, फिजिओथेरपिस्ट

दोन-तीन मुद्द्यांवर लिहिते. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम अमेरिकेतल्या डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडले. वात सरू नये म्हणून आपण जे स्नायू आत ओढतो, तेच आत-वर ओढायचे, थोडं धरायचं, पूर्ण सोडायचं. सोडणं ओढण्याइतकंच महत्त्वाचं. श्वास रोखायचा नाही, पोट आणि मांड्या ढिल्या हव्यात. लघवी करता करता मध्येच थांबवणं हा व्यायाम म्हणून करू नका, विशेषतः पट्टीनंतर. ऑपरेशननंतर कधी सुरू करायचे ते तुमच्या सर्जनना विचारा.

त्रास बेताचा असेल तर ऑपरेशनच्या आधी निदान तीन महिने हे व्यायाम नीट शिकून करून बघावेत. अंग खाली येणाऱ्या आणि ऑपरेशन झेपणार नाही अशा वयस्क बायकांसाठी आत बसवायची रिंग मिळते. तिचं नाव आपल्याकडे फार कमी जणींच्या कानावर आलेलं असतं.

जाळीबद्दल भीती आहे, तिचंही सांगते. २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं योनीतून बसवायच्या जाळ्यांची विक्री थांबवली, ती अंग खाली येण्यासाठीच्या मोठ्या जाळ्यांची. लघवीच्या बारीक पट्टीवर ती बंदी नव्हती. तरी पट्टी कधी कधी आतून उघडी पडू शकते. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी स्राव, टोचल्यासारखं वाटणं, संबंधाच्या वेळी दुखणं असं झालं तर वयाचं म्हणून सोडून देऊ नका, दाखवा.

कारवार

विचारायला संकोच वाटतोय. नवऱ्याबरोबर पुन्हा कधी? आणि पूर्वीसारखं राहतं का?

शहापूर, बेळगाव

संकोच करू नका ताई. मला सहा ते आठ आठवडे थांबायला आणि आतला टाका भरलाय हे तपासून घ्यायला सांगितलं होतं. त्या आधी नाही म्हणजे नाही, हे मी यांना डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवलं. सुरुवातीला कोरडेपणा आणि भीती दोन्ही होतं. डॉक्टरांनी लावायला क्रीम दिलं, घाई केली नाही, आता त्रास नाही. खोकल्याची धास्ती गेल्यामुळं उलट मी जास्त मोकळी आहे.

संकेश्वर

सगळं दोनदा वाचलं. माझी तारीख पुढच्या महिन्यात आहे, पिशवी आणि पट्टी दोन्ही. पिशवी काढल्यावर ती तपासायला पाठवतात ना? आणि आणखी काय विचारू?

वडगाव, शिक्षिका

हो, पाठवतात. तो रिपोर्ट मागून घ्या आणि डिस्चार्ज कार्डाबरोबर जपून ठेवा. पिशवीचं तोंड ठेवणार असतील तर पुढंही पॅप तपासणी (त्या तोंडाच्या कॅन्सरसाठीची) करत राहावी लागते, तेही विचारा. साखर, बीपी असेल तर आधीच सांगा. रात्री काही झालं तर कोणत्या नंबरवर फोन करायचा, तो कागदावर लिहून घ्या.

हुक्केरी, नवरा

ताई, संकेश्वर आम्हाला जवळ. ती भोकाची खुर्ची माळ्यावर धुऊन ठेवली आहे, हिला आता लागत नाही. पायांचे रबर झिजले होते, ते बदलून देतो. तारखेच्या आधीच्या रविवारी तुमच्या दारात आणून पोचवतो.