खांद्याचं पातं पंखासारखं बाहेर येतंय, कुणाला अनुभव?

नमस्कार मंडळी, वय ४१, उजवा हात. दिवाळीनंतर अलंग-मदन-कुलंग किल्ल्यांचा ट्रेक केला. दोर, पाणी, भांडी मिळून पाठीवर १६-१७ किलो. त्यात सॅकचा कमरपट्टा तुटला, मग सगळा भार खांद्यांवर. (हो, घरी बोलणी खाऊन झालीत.)

आठवड्याभराने खांदा असा ठणकला की दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. दुखणं ओसरलं, पण फळीवरचा पोह्यांचा डबा काढता येईना. एका ठिकाणी 'फ्रोजन शोल्डर' म्हणून शेक दिला. फिजिओने मात्र शर्ट काढून भिंतीला तळवे लावून ढकलायला सांगितलं, तर उजवं पातं टरारून बाहेर! शिवाय दुसऱ्याने उचलला तर माझा हात पूर्ण वर जातो. खांदा गोठला असता तर गेला नसता.

ती म्हणते, सेरेटस अँटेरियर. वरच्या आठ-नऊ बरगड्यांवरून करवतीच्या दात्यांसारखा निघून पात्याखालून त्याच्या आतल्या कडेपर्यंत जाणारा स्नायू. तो पात्याला छातीशी धरून ठेवतो, पुढे ओढतो आणि हात वर नेताना फिरवतो. त्याची नस, लाँग थोरॅसिक, मानेतून निघून या स्नायूवरूनच उघडी खाली उतरते, म्हणून ताण लागला की पटकन दुखावते.

आता सात आठवडे झालेत. ईएमजी (नसा-स्नायूंची विद्युत तपासणी) करून घ्यावी का? आणि हे भरून यायला किती वेळ लागतो?

—

प्रतिसाद: ईएमजी करून घ्याच. पहिल्या तीन आठवड्यांत ती फसवी असू शकते, तुमची ती वेळ टळलीय. माझ्या आईला काखेतल्या गाठी काढल्यावर हेच झालं होतं. दहा महिन्यांनी तिने स्वतः वेणी घातली. डॉक्टरांनी आम्हाला सहा महिने ते दोन वर्षं सांगितलं होतं. तोवर जड उचलू नका.

—

प्रतिसाद: त्या दोन रात्रींचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. आधी भयंकर ठणका आणि तो ओसरल्यावर अशक्तपणा, हे नसांना सूज आल्यावरही होतं. मग दोष एकट्या सॅकचा नसेल. ट्रेकच्या आसपास ताप, सर्दी काही झालं होतं का?

—

धागाकर्ता: अरेच्चा! परत आल्यावर तीन दिवस तापाने झोपून होतो. थकवा समजून कुणाला सांगितलंच नाही. सोमवारी न्यूरॉलॉजिस्टची वेळ घेतलीय, कळवतो.