सिंक तुंबले तेव्हा : आपापले अनुभव लिहावेत

दिवाळीचा फराळ आटोपला आणि स्वयंपाकघरातील सिंकमधून पाणी उतरेनासे झाले. खाली बादली ठेवून बॉटल ट्रॅपचा (सिंकखालील बाटलीच्या आकाराच्या, थोडे पाणी धरून ठेवणाऱ्या भागाचा) तळाचा पेला हाताने फिरवून काढला, तेव्हा थिजलेले तूप, चहाचा चोथा आणि कणीक यांचा करडा लगदा बाहेर आला. त्या वासासरशी आमच्या चाळीतील मोरी आठवली. वडील बांबूची लवचीक कामटी तिच्या तोंडात सारून पाणी मोकळे करीत आणि आम्हा मुलांना दूर उभे राहण्यास बजावीत. ट्रॅप स्वतः उघडणारे येथे किती जण आहेत? कृपया सविस्तर लिहावे.

---

मी नेहमी स्वतःच उघडते. रबरी वॉशर कोणत्या बाजूने बसलेला आहे, हे काढतानाच पाहून ठेवावे. एकदा आलेल्या कारागिराने तो उलटा बसवला आणि रात्रभर थेंब थेंब गळून खालच्या कपाटाचे प्लायवूड फुगले. आता जोडणी झाली की मी खाली कोरडे वर्तमानपत्र अंथरते, सिंक भरते आणि एकदम बूच काढते. कागद कोरडा राहिला तरच डबे आत जातात. सासूबाई मात्र तेथे पोहे ठेवू देत नाहीत, ते नाहीतच.

---

आमच्या यजमानांनी ट्रॅप काढला, बादली भरलेली पाहिली आणि ती मोठ्या तत्परतेने त्याच सिंकमध्ये ओतली. पुढचे वर्णन करीत नाही.

---

वरील प्रतिसाद वाचून चहा सांडला!

रसायनशास्त्र शिकवीत असल्यामुळे एक गोष्ट आवर्जून सांगतो. तुंबलेल्या पाइपसाठी मिळणाऱ्या अनेक पुड्यांत कॉस्टिक सोडा असतो. तो पाण्यात विरघळताना बरीच उष्णता बाहेर पडते आणि तेलातुपाचे साबणात रूपांतर होते. परंतु मार्ग पूर्ण बंद असेल, तर ते दाहक द्रावण ट्रॅपमध्येच साचून राहते आणि पुढे जो पेला उघडेल त्याच्या हातांवर व डोळ्यांत उडते. म्हणून पूड टाकली असल्यास प्लंबरला आधी सांगावे, आणि तिच्यावर फरशीचे अ‍ॅसिड तर कदापि ओतू नये. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा फेस दिसायला छान असला, तरी ते दोन्ही एकमेकांना निष्प्रभ करतात व चिकट थर बहुधा तसाच राहतो.

---

उकळते पाणी ओतले तर चालते का? आमच्याकडे भाताची पेज तशीच ओततात.

---

पाइपचे प्लास्टिक, म्हणजे पीव्हीसी, साधारण 80 अंशांच्या आसपास मऊ पडू लागते, त्यामुळे कढत पाणी टाळावे. हाताला सोसेल इतके गरम पुरते. पेज थंड झाल्यावर झाडांना घालावी, तिच्यातील पिष्ट पाइपमध्ये चिकटते.

---

आमचे कोकणातील घर गणपतीनंतर बंदच असते. ट्रॅपमधील पाणी आटले की दुर्गंधी आणि झुरळे थेट घरात येतात, कारण त्यांना अडवणारे तेवढेच पाणी असते. निघताना ट्रॅप साफ करून पाणी भरावे आणि वरून चमचाभर गोडेतेल सोडावे, म्हणजे पाणी सावकाश आटते. खोबरेल वापरू नये. ते 24 अंशांच्या सुमारास थिजते.

---

बॉटल ट्रॅपऐवजी नुसता लवचीक वेस्ट पाइप असेल, तर तो काढून बाहेर नेऊन बागेच्या नळीने धुवावा. त्याच्या आतील वळ्यांत मळ धरतो, म्हणून फार जुना असल्यास नवा आणणेच सोयीचे.

---

धन्यवाद. आमचा ट्रॅप बसवून झाला आहे. वर्तमानपत्र अंथरले आहे.