मदत हवी आहे: आरएनएचे तीन तुकडे जोडतेय, बँडच येत नाहीये, नुसता स्मिअर

रेवा_लॅबवाली
नमस्कार, अर्जंट आहे. थ्री वे जंक्शन (आरएनएचे तीन धागे, म्हणजे स्ट्रँड, जुळून होणारा तीन फांद्यांचा सांधा) जमवतेय, तिन्ही स्ट्रँड एकत्र केले, गरम केले, थंड केले, जेल चालवलं (त्यात विजेने तुकडे लांबीनुसार वेगळे होतात, एकेका प्रकारची रेघ म्हणजे बँड) तर बँडच्या जागी नुसता धुरकट पट्टा, पार खालपर्यंत ओघळलेला. मागच्या महिन्यात हेच सगळं छान आलं होतं, काहीही बदललेलं नाही. शुक्रवारी सरांना जेलचा फोटो दाखवायचाय. कोणी केलंय का हे? आणि प्लीज पेपर वाचा म्हणून सांगू नका, वाचलेत सगळे.

तिरफळ
थ्री वे जंक्शन वाचून वाटलं ट्रॅफिकचा धागा आहे. चालू द्या.

जुनं_खोड
अगं पण कुठला आरएनए, किती लांबीचा, जेल कसलं, बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) कुठला? यातलं एकही लिहिलं नाहीस, आम्ही काय पत्रिका बघून सांगायचं?

रेवा_लॅबवाली
पीआरएनए वाला हो, फाय २९ विषाणूतला, शास्त्रज्ञ गुओंनी शोधलेला. नुसता गाभा, १६-२० बेसचे (अक्षरांचे) तीन तुकडे, पुढे एका हातावर एसआयआरएनए (जीनचा निरोप मोडणारा छोटा आरएनए) लावायचाय. जेल नेहमीचंच.

जुनं_खोड
"नेहमीचंच" म्हणजे काय ते तुझ्या लॅबला माहीत, आम्हाला नाही. अ‍ॅगरोजच्या, मोठ्या तुकड्यांसाठीच्या जेलवर २० बेसचा आरएनए बघायला गेलीस तर काय दिसणार कपाळ!

रेवा_लॅबवाली
नेटिव्ह पेज (घडी न मोडणारं, छोट्या तुकड्यांचं जेल), १५ टक्के, टीबीई बफर. एवढं कळतं मला.

मॅग्नेशियम_भक्त
सापडला चोर! टीबीईत ईडीटीए नावाचं रसायन असतं, ते मॅग्नेशियम पकडून ठेवतं आणि आरएनएची घडी सुटते. ईडीटीए काढ, मॅग्नेशियम क्लोराइड घाल, टीबीएम म्हणतात त्याला, टँकमध्ये पण तेच आणि जेलमध्ये पण तेच. माझं पीएचडीचं एक अख्खं वर्ष यात गेलंय, डोळे झाकून कर.

लॅबउंदीर
थांबा थांबा. बाकीच्या आरएनएला ठीक आहे, पण या जंक्शनची ख्यातीच मुळात अशी की ते मॅग्नेशियमशिवाय जमतं. २०११ चा नेचर नॅनोटेक्नॉलॉजीचा पेपर बघा, घड्या मोडणाऱ्या ८ मोलर युरियातसुद्धा सुटलं नव्हतं. आणि तिचं मागच्या महिन्यात टीबीईतच आलं होतं ना? घडी सुटली असती तर सुट्या स्ट्रँडचे बँड दिसले असते खाली, स्मिअर कशाला येईल? आरएनए कापला जातोय. रेवा, २ प्राइम फ्लोरो लावलेला (सहज न कापला जाणारा) आहे का साधा?

मॅग्नेशियम_भक्त
पेपरात सगळंच सुटत नाही हो. प्रत्यक्ष टँकवर उभं राहून बघा कधी.

लॅबउंदीर
रोज उभा असतो, म्हणूनच नाव उंदीर आहे.

रेवा_लॅबवाली
साधाच. फ्लोरोवाला महाग पडतो, सर म्हणाले आधी साध्यावर जमवून दाखव.

ओरिगामी_दादा
मी म्हणतो आरएनएच्या नादी लागायचंच कशाला? डीएनए घ्या, स्वस्त, टेबलावर रात्रभर विसरलात तरी सकाळी जागेवर, २००६ पासून लोक त्याच्या हसऱ्या चेहऱ्यांच्या आकृत्या बनवतायत.

रेवा_लॅबवाली
थिसिसच्या नावातच आरएनए आहे दादा. रजिस्ट्रेशन झालंय.

निवृत्त_वेळ
आरएनएची नॅनोटेक्नॉलॉजी म्हणजे कोविडची लस तीच ना? आपल्या पुण्यातल्या जेनोव्हाने केली होती, २०२२ मध्ये परवानगी मिळाली, साध्या फ्रीजच्या २ ते ८ डिग्रीत राहायची, त्या फायझरच्या लसीसारखा उणे ७० चा थाट नाही. आपल्या लोकांना कौतुकच नसतं.

लॅबउंदीर
काका, कौतुक आहेच, पण ते वेगळं. लसीत आरएनए हा माल आणि गाडी चरबीच्या कणांची. २०१८ चं पॅटिसिरान नावाचं औषध पण तसंच. इथे गाडीच आरएनएची. फाय २९ नावाचा विषाणू आहे, बॅसिलस जिवाणूत वाढतो, त्याच्या डीएनए भरायच्या मोटरमध्ये आरएनएच्या तुकड्यांचं कडं असतं, गुओंना तो आरएनए १९८७ मध्ये सापडला. त्यातला तीन फांद्यांचा सांधा उचलायचा, एका फांदीवर औषध, दुसरीवर पेशी ओळखणारा तुकडा, तिसरीवर चमकणारा रंग. उंदरांवर बरंच काम झालंय.

सोलापुरी_चादर
इथे जाणकार आहेत म्हणून विचारते, बाबांना कोलेस्टेरॉलसाठी वर्षातून दोनदा घ्यायचं आरएनएचं इंजेक्शन सुचवलंय, इन्क्लिसिरान. त्याने आपला डीएनए बदलतो का? जाऊबाई घाबरवून गेल्यात.

जुनं_खोड
नाही बदलत. लिव्हरमध्ये पीसीएसके९ नावाचं प्रथिन बनवायचा निरोप तेवढा मोडतो, डीएनएला हात लावत नाही. त्याला चरबीची गाडी पण नाही, साखरेचं शेपूट लावलंय ते लिव्हरच्या पेशी धरतात. पहिला डोस, मग तीन महिन्यांनी, मग दर सहा महिन्यांनी. बाकी डॉक्टरांना विचारा, जाऊबाईंना नको.
रेवा, सुटे स्ट्रँड शेजारच्या लेनमध्ये लावले होतेस का? तिन्ही वेगवेगळे?

रेवा_लॅबवाली
नाही, स्ट्रँड कमी उरलेत म्हणून.

जुनं_खोड
मग कळणार कसं! एकच स्ट्रँड घे, थोडा नुसत्या पाण्यात, थोडा तुझ्या बफरात, ३७ ला तासभर ठेव आणि शेजारी शेजारी चालव. आणि त्याच बाकावर प्लास्मिड मिनिप्रेप (जिवाणूंतून डीएनए काढणं) कोण करतं? त्या किटच्या पहिल्या बफरात आरएनेज ए (आरएनए कापणारं एन्झाइम) ओतलेलं असतं, पिपेट एकच असेल तर झालं कल्याण.

मॅग्नेशियम_भक्त
एवढ्यात टीबीएम बनवून झालं असतं.

रेवा_लॅबवाली
केलं. पाण्यातला बँड शाबूत, बफरातला गायब. मिनिप्रेप सगळेच करतात, पिपेट सगळ्यांचे एकच. पण बफर तर डीईपीसी (आरएनेज निकामी करणारं रसायन) घातलेला आहे, बाटलीवर लिहिलंय तसं, जुना संपला म्हणून सिनिअरने मागच्या आठवड्यात नवा करून ठेवला. ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक) पण केलाय.

लॅबउंदीर
"काहीही बदललेलं नाही" म्हणे! बफर कसला, ट्रिस (बफरची नेहमीची पावडर) ना? ट्रिसमध्ये डीईपीसी थेट घालतच नाहीत, ट्रिसचा अमाइन गटच त्याला खाऊन टाकतो, आरएनेजसाठी काही उरत नाही. आधी पाण्याला डीईपीसी लावायचं, ते ऑटोक्लेव्ह करायचं आणि त्यात ट्रिस विरघळवायचं. नुसत्या ऑटोक्लेव्हवर भरवसा नको, आरएनेज ए चार डायसल्फाइड बंधांवर उभं आहे, उकळून काढलं तरी थंड झाल्यावर परत घडी घालून कामाला लागतं.

रेवा_लॅबवाली
अरे देवा. बाटली ओतून देते. सिनिअरला कोण सांगणार ते नंतर बघू. ट्रिसची पावडर लॅबमधलीच चालेल का? सगळे तीच वापरतात.

जुनं_खोड
नको. नवा डबा उघड, त्यावर फक्त आरएनए असं लिही आणि तुझ्या कपाटात ठेव. वजन करताना चमचा घालू नकोस, डबा तिरपा करून हलके टिचक्या मारत पावडर पाड. पीएच मीटरचा इलेक्ट्रोड पण बुडवू नकोस, तो दिवसभर सगळ्यांच्या बाटल्यांत फिरलेला असतो, थेंबभर बाहेर काढून पट्टीवर बघ. उद्या सकाळी केलंस तर शुक्रवारच्या आत एक जेल आरामात होईल.

मॅग्नेशियम_भक्त
आणि ते जेल टीबीएममध्ये चालव.